सकाळच्या गोळ्या

"आधी ह्या घे, मग पाय धू," असं म्हणत चंदरने तळहात पुढे केला.

क्रांती ओट्याच्या पायरीवर बसून बुटांची नाडी सोडत होती. पोटऱ्यांपर्यंत ओली वाळू चिकटलेली, टी-शर्ट पाठीला चिकटलेला. ओहोटीची वेळ साधून ती किहीमच्या किनाऱ्यावरून सुरूच्या बनापर्यंत आणि परत, अशा फेऱ्या मारून आली होती. श्वास अजून बसला नव्हता. चंदरच्या तळहातावर तीन गोळ्या होत्या. एक मोठी, खडूसारखी नारिंगी. दुसरी तेल भरलेली, पिवळी, आरपार दिसणारी. तिसरी जांभळाच्या रंगाची. क्रांतीने एकेक करून त्या तोंडात टाकल्या आणि वर तांब्यातलं पाणी प्यायली. शेवटची गोळी गळ्याखाली उतरेपर्यंत चंदर तिथेच उभा राहिला.

"दुखतंय?"

"मांड्या भरून आल्यात. काल चढाचं पळवलं ना सरांनी."

"उतरंल दुपारपावतर. गोळ्या हायेत ना."

तो आत गेला आणि तव्यावरची भाकरी उलटली. शेजारच्या दारातून त्याची थोरली बहीण गोदूबाई मासळीची पाटी कमरेवर घेऊन बाहेर पडत होती. ती क्रांतीकडे बघून म्हणाली, "झाला गो तुजा निवद?" क्रांती हसली. चंदरने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

चंदर तांडेल मांडव्याच्या जेटीवर लाँचवर खलाशी होता. लाँच धक्क्याला लागताना दोर फेकायचा, खुंटाला वेढे द्यायचे, फळी लावायची, उतरणाऱ्यांना हात द्यायचा. मुंबईहून शनिवार-रविवारी बंगल्यांवर येणारी माणसं, त्यांची कुत्री, त्यांच्या चाकांच्या बॅगा हे सगळं त्याच्या हातून पार व्हायचं. बहुतेकांनी त्याचा हात धरला होता, चेहरा क्वचितच कुणी पाहिला असेल. त्याला त्याचं काही वाटत नसे. पावसाळ्यात लाँच बंद असली की ती वर ओढून घेत आणि मग सगळे खलाशी गंज काढायला बसत. कठडे, साखळ्या, तळ. हातोडीने ठोकून पापुद्रे काढायचे, ब्रशने घासायचं, मग लाल प्रायमर मारायचा. खाऱ्या हवेत कुठलंही लोखंड टिकत नाही, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

म्हणूनच नाशिककडचा एक माणूस बोलला ते चंदरच्या मनात एकदम जाऊन बसलं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. चंदरची बायको केसर मुंबईच्या इस्पितळात होती. आजार कळला तेव्हाच पोटात सगळीकडे पसरलेला होता. चंदर व्हरांड्यातल्या बाकावर दिवस काढायचा. त्याच बाकावर हा माणूस बसायचा, त्याचा भाऊ आत होता. शिकलेला, सावकाश बोलणारा. एकदा चहा पिताना तो म्हणाला, "माणसाच्या आतही गंजच चढतो हो. लोखंडाला चढतो तसाच. हवेनं, काळजीनं, कष्टानं. तो चढू नये म्हणून गोळ्या असतात, अँटिऑक्सिडंट म्हणतात त्यांना. भावाला वेळेवर चालू केल्या असत्या तर ही वेळ आली नसती."

तो स्वतःच्या भावाबद्दल बोलत होता. चंदरने ते केसरबद्दल ऐकलं.

केसर थोड्याच दिवसांत गेली. चंदरने ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. गोदूबाईलाही नाही, मुलीला तर नाहीच. मात्र केसरचा विषय निघाला की त्याच्या मनात तेवढंच एक वाक्य यायचं. तिने आयुष्यभर उन्हात वाळवणाच्या खळ्यावर बोंबील टांगले, जवळा पसरला, बर्फाच्या पाण्यात हात घालून मासळी निवडली. सगळा गंज चढत गेला आणि आपल्याला दिसला नाही. वेळेवर दिसला असता तर.

क्रांती तेव्हा शाळेत होती. पळायची, पण सगळ्या मुली पळतात तशी. आई गेल्यावर ती एकटीच किनाऱ्यावर जाऊन पळायला लागली. चंदरला वाटलं, रडण्यापेक्षा हे बरं. मग अलिबागच्या कॉलेजात गेल्यावर कुलदीप घरत नावाच्या सरांनी तिला हेरलं. ते सैन्यातून निवृत्त झालेले, स्वतः लांब पल्ल्याचे धावपटू. त्यांनी तिला क्रॉसकंट्रीच्या संघात घेतलं आणि रोज पळायला लावलं. मुलगी घरी येऊन पाय पोटाशी घेऊन झोपायची, उठताना विव्हळायची. तिच्या त्या आवाजाने चंदरला वेगळंच काहीतरी आठवायचं. एक दिवस तो अलिबागच्या बाजारात मितेशच्या औषधांच्या दुकानात शिरला आणि म्हणाला, "गंज न चढायच्या गोळ्या हायेत ना, त्या दे."

मितेशला कळायला जरा वेळ लागला. पण तो हसला नाही, हे चंदरला आवडलं. "अरे काका, असं सांगो ने. हूं पण रोज घेतो," असं म्हणत त्याने तीन बाटल्या काउंटरवर ठेवल्या. "खेळाडू लोक तर लई घेतात. थोडा जास्ती डोस घेतात ते लोक."

तेव्हापासून एकही सकाळ चुकली नव्हती. चंदरची पहाटेची पाळी असली तर तो गोळ्या वाटीत काढून, वर बशी झाकून जायचा आणि जेटीवर पोचल्यावर फोन करून विचारायचा.

यंदा दसऱ्यानंतर काहीतरी बिनसलं. क्रांती पळत होती, घाम गाळत होती, पण पुढे सरकत नव्हती. तिच्याबरोबरची साक्षी, वरसोलीची मुलगी, मागच्या वर्षी तिच्या पाठीमागे धापा टाकत यायची. ती आता पुढे जाऊ लागली होती. दोघींचा सराव एकच, सर एकच, बसही एकच. घरी आल्यावर क्रांती बोलायची नाही. ताटातलं चिवडत बसायची. चंदरने मितेशला विचारून नारिंगी गोळी सकाळ-संध्याकाळ करून टाकली.

मंगळवार त्याच्या सुट्टीचा दिवस. दुपारी तो ओट्यावर जुन्या जाळ्याची भोकं सांधत बसला होता. क्रांती कॉलेजातून आली, बॅग खाली ठेवली आणि आत न जाता त्याच्यासमोर बसली.

"बाबा, सरांनी आज विचारलं, काय काय खातेस, काय काय घेतेस."

"सांगलंस ना मग?"

"सांगितलं. बाटल्यांचे फोटो दाखवले. ते म्हणाले, बंद कर."

चंदरची सुई जाळ्यात तशीच राहिली. "का म्हून?"

"त्यांनी एका डॉक्टरबाईंना विचारलं. त्या खेळाडूच बघतात. त्या म्हणाल्या, आपण जोरात पळतो तेव्हा आत जी झीज होते ना, ती शरीराला सांगत असते की अजून ताकद वाढव. एवढ्या मोठ्या डोसच्या गोळ्या रोज घेतल्या की ते सांगणंच दाबलं जातं. म्हणजे, दाबलं जात असावं."

"असावं म्हंजे? पक्कं ठाव न्हाय त्यांना?"

"पक्कं नाही म्हणाल्या. पण गोळ्या खाऊन कुणी जास्त जोरात पळालंय, असंही कुठं दिसलेलं नाही म्हणे."

"दुखलं पायजे, झिजलं पायजे, असं सांगणारा डाक्टर मी नवीनच ऐकतंय."

"बाबा, तसं नाही म्हणाल्या त्या."

"सरांना सांग, माझी पोर हाय. तिच्या पोटात काय जावं ते मी बघतंय." त्याने पुन्हा जाळ्यात मान घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने नेहमीसारखा तळहात पुढे केला. क्रांतीने हात पुढे केला नाही. ती नाडी सोडत राहिली.

"मी नाही घेणार."

"क्रांती."

"बाबा, मी नाही घेणार. महिनाभर मी मागं पडतेय. मला एकदा बघू दे."

चंदरचा आवाज कधी चढत नसे. आताही चढला नाही. तो म्हणाला, "तुज्या आयेला ह्या टायमावर दिल्या असत्या ना, तर आज ती हितं बसली असती."

आपण काय बोललो हे त्याला बोलून झाल्यावर कळलं. क्रांतीने मान वर केली. तिच्या हातात एक बूट होता.

"कोण म्हणालं असं?"

त्याने गोळ्या खिशात टाकल्या, डबा घेतला आणि तो जेटीच्या रिक्षाच्या दिशेने निघून गेला.

त्या दिवशी वारा होता. लाँच धक्क्याला लागताना हिंदकळत होती आणि उतरणारी माणसं नेहमीपेक्षा घट्ट हात धरत होती. चंदरचं काम चाललं होतं, पण डोक्यात मुलीचा तो चेहरा होता. रागावलेला नव्हता. घाबरलेलाही नव्हता. एखादं भांडं इतकी वर्षं घरात असावं आणि त्यात काय ठेवलंय ते आज पहिल्यांदा दिसावं, तशी ती पाहत होती.

पुढचे काही दिवस बापलेकीत कामापुरतं बोलणं झालं. तो गोळ्या तिच्या ताटाजवळ वाटीत ठेवायचा. ती जेवून उठायची. तो वाटीतल्या गोळ्या पुन्हा बाटल्यांत भरायचा. हे गोदूबाईने एकदा दारातून पाहिलं आणि ती आत येऊन पाटावर बसली.

"तिला न्हाय घ्यायच्या तर जबरी कशापायी?"

"बाय, तू मधी पडू नको."

"मी पडतंय. मी न्हाय पडायचं तर कोनी? आई न्हाय तिला." गोदूबाईने पदराने तोंड पुसलं. "पोर काल माज्याकडं येऊन रडली. म्हनते, बाबांना वाटतं आई त्यांच्यामुळं गेली. खरं हाय ते?"

चंदर बाटलीचं झाकण फिरवत राहिला.

"अरे, केसरला काय झालं ते सगल्या कोलीवाड्याला ठाव हाय. तुज्या हातात काय व्हतं?"

"व्हतं," चंदर म्हणाला. "मना ठाव नव्हतं, येवढंच."

गोदूबाईला बोलायला खूप येत असे. बाजारात तिच्यासमोर भाव करायला बायका कचरत. पण या वेळी ती उठून घरी गेली आणि त्याच्यासाठी कोलंबीचं कालवण पाठवून दिलं.

पुढच्या मंगळवारी चंदर अलिबागला गेला. कॉलेजच्या मैदानावर कुलदीप सर मुलांना पळवत होते. क्रांती तिथे नव्हती, तिचा तास चालू होता. चंदरने पिशवीतून तिन्ही बाटल्या काढून सरांसमोर धरल्या.

"सर, ह्यात वाईट काय हाय ते मना सांगा. मी भांडायला न्हाय आलो."

कुलदीप सरांनी बाटल्या हातात घेतल्या, फिरवून पाहिल्या. "काका, मी पळायला शिकवतो. यातलं मला फार कळत नाही. डॉक्टरबाईंकडेच जाऊया का? आज त्या दवाखान्यात असतात."

डॉक्टर पूनम थळे यांचा दवाखाना किनाऱ्याच्या रस्त्यावर होता. बाई चाळिशीच्या असतील. त्यांनी चंदरला खुर्ची दिली, चहा मागवला आणि बाटल्यांवरचं बारीक अक्षर चष्मा काढून, डोळ्यांजवळ धरून वाचलं.

"या विषारी नाहीत काका. तुम्ही तिला काही वाईट दिलं असं मनात आणू नका," त्या म्हणाल्या. "पण डोस फार मोठा आहे आणि तिला त्याची गरज नाही. तुमची मुलगी तरुण आहे, मासे खाते, भाजी खाते, पेरू-आवळा खाते. तिचं शरीर आपली झीज आपणच भरून काढतं आणि भरताना थोडं जास्त भरतं. त्या जास्तीचं नाव सराव. आपण बाहेरून फार मदत करायला गेलो तर शरीर म्हणतं, बरं झालं, मला काही करायला नको."

"म्हंजे ती मागं पडली ती ह्याच्यामुळं?"

"ते मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. झोप असेल, परीक्षा असेल, मनाचं काही असेल. काही अभ्यासांत असा परिणाम दिसलाय, काहींत नाही. फायदा मात्र दिसत नाही. म्हणून बंद करा म्हणते."

चंदरने मान हलवली. कुलदीप सर उठायला लागले. चंदर उठला नाही. चहाची कपबशी त्याने दोन्ही हातांनी धरली होती.

"आनखी एक विचारायचं व्हतं."

"विचारा ना."

"क्रांतीची आई. तिला पोटाचा क्यान्सर झाला. कळलं तवाच पसरला व्हता, तरी मुंबईला नेली. चार वर्सं झाली." तो बाटल्यांकडे बघत बोलत होता. "आधीपासून ह्या गोळ्या दिल्या असत्या, तर वाचली असती का ती?"

डॉक्टरबाईंनी बाटल्या बाजूला सरकवल्या. कुलदीप सर हळूच दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

"नाही," त्या म्हणाल्या. "अशा गोळ्या माणसांना वर्षानुवर्षं देऊन पाहिल्यात, कॅन्सर टळतो का ते बघायला. टळला नाही. उपचार चालू असताना तर बरेच डॉक्टर घेऊ नका म्हणूनच सांगतात. तुम्ही दिल्या असत्या तरी काही फरक पडला नसता काका."

"कायबी केलं असतं तरी?"

"मी त्यांचे कागद पाहिलेले नाहीत. पण तुम्ही म्हणता तसं कळलं तेव्हाच पसरलेलं असेल, तर तुमच्या हातात फार काही नव्हतं. तुम्ही त्यांना घेऊन गेलात, त्यांच्याजवळ बसलात. तेवढंच होतं."

चंदरने चहा संपवला. बाटल्या पिशवीत भरल्या. बाहेर आल्यावर कुलदीप सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा तो म्हणाला, "तुमी जा सर, पोरं वाट बघत असतील."

तो किनाऱ्यावर जाऊन बसला. भरती होती, समुद्रातल्या किल्ल्याकडे जाणारी वाट पाण्याखाली गेलेली. घोडागाडीवाले गिऱ्हाईकाची वाट बघत बसले होते. आता हलकं वाटायला हवं, असं त्याला वाटलं. दोष नव्हता, असं एका शिकलेल्या बाईने समोर बसून सांगितलं होतं. पण हलकं वाटलं नाही. चार वर्षं त्याच्याजवळ केसरला वाचवण्याचा एक उपाय होता. उशिरा कळलेला, हातातून निसटलेला, पण होता. रोज सकाळी त्या गोळ्या मुलीच्या तोंडात गेल्या की कुठेतरी केसरलाच त्या मिळत होत्या. आज कळलं की तसा उपायच कधी नव्हता. ती जाणारच होती. तो बाकावर बसला काय आणि त्याने समुद्रात उडी मारली असती काय, सारखंच.

तो बराच वेळ बसून राहिला. मग डोळे पुसून उठला आणि दुपारची बस पकडली.

संध्याकाळी क्रांती घरी आली तेव्हा ताटाजवळ वाटी नव्हती. चंदरने मांदेलीचं ताट तिच्यापुढे सरकवलं.

"डाक्टरीनबायला भेटून आलो. गोळ्या बंदच ऱ्हाऊ दे."

"बाबा."

"आनि तुज्या आयेचं मी बोललो ते... ते चुकीचं व्हतं. तसं नव्हतं म्हने काय." तो पाणी प्यायला उठला. क्रांतीने जेवताना दोनदा त्याच्याकडे पाहिलं, पण काही विचारलं नाही. त्याला ते बरं वाटलं.

गोळ्या बंद झाल्यावर काही जादू झाली नाही. पहिला आठवडा तर क्रांतीला जास्तच दुखलं, किंवा चंदरला ते जास्त ऐकू आलं. कुलदीप सरांनी कनकेश्वरच्या डोंगराच्या पायऱ्यांवर सराव घेतला त्याच्या दुसऱ्या दिवशी तिला ओट्याची पायरी उतरता येईना. एका हाताने भिंत धरून, आडवी होऊन ती एकेक पाऊल खाली टाकत होती आणि स्वतःलाच हसत होती. चंदर दारात उभा होता. इतके दिवस अशा वेळी त्याच्याजवळ द्यायला काहीतरी असायचं. आता हात रिकामे होते. "गरम पानी काढू?" त्याने विचारलं. "चालेल," ती म्हणाली. त्याने बंब पेटवला, बादली भरली आणि आत नेऊन ठेवली. त्याहून जास्त करण्यासारखं काही नव्हतं आणि दुखणं आपल्या वेळेने गेलं.

बाटल्यांचं काय करायचं ते त्याला कळेना. गोदूबाई म्हणाली, "मना दे, माजं गुडगं दुखतात." तो म्हणाला, "न्हाय बाय, डाक्टरला विचारल्याबिगर न्हाय." गोदूबाई त्यावर इतकी हसली की शेजारणी बाहेर आल्या. नंतर त्याने त्या मितेशच्या दुकानात नेऊन दिल्या. मितेश उघडलेल्या बाटल्या परत घेणार नव्हता आणि चंदरने मागितलंही नव्हतं काही. "काय झालं काका, सूट नाय झाल्या?" मितेशने विचारलं. "पोर मोठी झाली," चंदर म्हणाला. मितेशला त्याचा अर्थ लागला नाही.

विद्यापीठाची क्रॉसकंट्री डिसेंबरात पेणजवळच्या एका माळावर होती. पहिल्या सहाजणी विद्यापीठाच्या संघात जाणार होत्या. चंदरने कधी नव्हे ती शनिवारी रजा घेतली. माळावर चुन्याच्या रेषा आखल्या होत्या, वळणांवर झेंड्या रोवल्या होत्या. थंडी होती आणि गवतावर दव होतं. मुली निघाल्या आणि टेकाडामागे दिसेनाशा झाल्या. दोर धरून उभ्या असलेल्या आईबापांमध्ये चंदर एकटाच गप्प होता. बाकीचे नावं घेऊन ओरडत होते.

दुसऱ्या फेरीला क्रांती घोळक्याच्या मध्यावर होती. साक्षी बरीच पुढे. क्रांतीचा चेहरा आवळलेला, ओठ पांढरे, एक हात बरगडीवर. इतकी वर्षं त्याने तिला फक्त पळून आल्यानंतर पाहिलं होतं. पळताना ती अशी दिसते हे त्याला ठाऊक नव्हतं. आजारपणात केसरचा चेहरा असाच व्हायचा. त्याला वाटलं, दोरखंडाखालून जावं आणि तिला थांबवावं. शेजारी कुलदीप सर होते. त्यांनी त्याच्याकडे न बघता म्हटलं, "बघा काका, आता ती कुठं सोडते का ते."

शेवटच्या चढावर ती पुढच्या मुलींजवळ आली. एकीला मागे टाकलं, मग दुसरीला. चेहरा तसाच होता, उलट आणखी वाईट झाला होता. पण पाय पडत होते. चंदरने पाहिलं की ते दुखणं तिला कुठे ओढून नेत नव्हतं, ती त्याला घेऊन पळत होती. आईच्या चेहऱ्यासारखा तो चेहरा नव्हता. तो क्रांतीचा चेहरा होता.

साक्षी दुसरी आली. क्रांती चौथी. रेषेच्या पलीकडे जाऊन ती गवतावर गुडघ्यांवर बसली आणि ओकली. चंदर तिच्याजवळ गेला, पण हात न लावता उभा राहिला. थोड्या वेळाने तीच उठली.

"संघात आले," ती म्हणाली.

"बघितलं."

कुलदीप सर हातातल्या घड्याळाकडे बघत आले. "मागच्यापेक्षा पुष्कळ चांगलं पळाली. आता ते गोळ्या सोडल्यामुळं, की पायऱ्यांच्या सरावामुळं, की बाप बघायला आला म्हणून, ते मला विचारू नका." ते हसले. क्रांतीही हसली. चंदरने नुसती मान डोलवली.

अलिबागची एसटी दुपारी सुटली. गर्दी नव्हती. क्रांती खिडकीशी बसली, बूट काढले आणि पाय समोरच्या मोकळ्या सीटवर टाकून वडापाव खात राहिली. धरमतरच्या पुलावर गाडी आली तेव्हा खाडीचं पाणी उन्हात पसरलेलं दिसलं. ती बराच वेळ बाहेर पाहत होती. मग तिकडेच बघत तिने विचारलं, "बाबा, आई शेवटी काय बोलली होती?"

हा प्रश्न चार वर्षांत कुणी विचारला नव्हता. गोदूबाईनेही नाही. चंदरने कधी स्वतःलाही विचारलं नव्हतं. त्या आठवणीपर्यंत जाण्याआधी ते दुसरंच वाक्य आडवं यायचं, वेळेवर दिल्या असत्या तर. आज ते आलं नाही. त्याला ती खोली दिसली, हिरवा पडदा, खाटेच्या दांड्याला अडकवलेला केसरचा टॉवेल.

"पंखा कमी करा म्हनाली. थंडी वाजते म्हनाली."

"मग?"

"मग मी उठून कमी केला. परत येऊन बसलो. तिनं माजा हात घेतला नि डोळे मिटले. मना वाटलं, झोप लागली."

क्रांतीने उरलेला पाव कागदात गुंडाळला. गाडी पूल उतरून पोयनाडच्या रस्त्याला लागली. भातकापणी झालेल्या शेतांत गुरं सोडलेली होती. थोड्या वेळाने तिचं डोकं कलंडलं आणि त्याच्या खांद्यावर आलं. खाचखळगे आले की तिच्या कपाळाला हिसका बसत होता. चंदर जरा पुढे सरकून, अंग ताठ धरून बसला आणि अलिबाग येईपर्यंत तसाच बसून राहिला.